‘आठव्यातलं जगत नाही’ हे खरे नव्हे

‘सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही,’ असे आपल्या वस्तीत आपण अजूनही ऐकतो. हे खरे नाही. बाळ जितके दिवस जास्त पोटात राहील, तितकी त्याची फुप्फुसे पक्की होतात.

फुप्फुसांत हवेचे बारीक फुगे असतात. ते मिटू नयेत म्हणून आतून एक स्निग्ध थर लागतो. लवकर जन्मलेल्या बाळात हा थर कमी असतो. मग बाळ कण्हते, छाती आत ओढली जाते. हे कारण १९५९ साली अमेरिकेत डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी दाखवून दिले.

यावर स्वस्त उपाय आहे. बाळंतपणाआधी आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने दिली, तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. शेजारच्या बेळगावसह पाच देशांत २८५२ मातांवर याचा अभ्यास झाला. २०२० साली निष्कर्ष आला: इंजेक्शन न मिळालेल्या मातांची शंभरात सुमारे २४ बाळे दगावली, मिळालेल्यांची सुमारे २०.

इंजेक्शने चार, बारा-बारा तासांनी. म्हणून वेळ मोलाची. दिवस भरण्याआधी कळा आल्या, पाणी गेले, रक्त दिसले, तर घरी थांबू नका. १०२ ला फोन करा, थोरला दवाखाना गाठा आणि कितवा आठवडा आहे ते आधी सांगा. आपण नशिबाला नव्हे, घड्याळाला मानू.