रिफ पाठ, नाव गुल

गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या बँड कॉम्पिटिशनचा रिपोर्ट लिहिला होता. शब्दमर्यादा साडेतीनशे. परीक्षक कोण होते, व्होकलिस्टने कसं अख्खं ऑडिटोरियम डोक्यावर घेतलं, गर्दी किती, पाऊस किती, सगळं त्यात कोंबलं. दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या बँडच्या गिटारिस्टचा मेसेज आला, 'रिपोर्ट छान झालाय. मी कुठाय त्यात?' पुढे एक हसरा इमोजी. मी परत वाचून पाहिलं. खरंच नव्हता! ज्या सोलोसाठी सगळ्यांनी मोबाइल वर धरले होते, त्याबद्दल मी लिहिलं होतं, 'गिटारच्या सुरावटींनी कार्यक्रमात रंगत आणली.' जणू सुरावटी रिक्षा करून स्वतःच आल्या होत्या.

सॉरी म्हटलं त्याला. पण डोक्यातून जाईना. म्हणून कट्ट्यावर एक टेस्ट घेतली. 'दम मारो दम'च्या सुरुवातीची गिटार सगळ्यांना येते. गिटार न येणाऱ्यांनाही तोंडाने येते. मी विचारलं, वाजवलीये कोणी? आठपैकी सहा जण म्हणाले, आरडी बर्मन. अरे, संगीत त्यांचं. पण स्टुडिओत गिटार मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? एक जण म्हणाला, असेल कुणीतरी गोव्याचा. आठवा फोनमध्ये शोधत बसला.

ते होते भूपिंदर सिंग. हो, तेच गझलवाले, ज्यांचा आवाज आई-बाबांच्या कारमध्ये असतो. अमृतसरचा हा माणूस दिल्लीच्या आकाशवाणीत गिटार वाजवायचा. तिथून संगीतकार मदन मोहन यांनी त्याला मुंबईला बोलावलं आणि 1964च्या 'हकीकत'मध्ये रफी, तलत महमूद आणि मन्ना डे यांच्यासोबत गायला उभं केलं. गाणं पुढे चाललंच, पण मधली कित्येक वर्षं ते आरडींच्या रेकॉर्डिंगला गिटारही वाजवत होते. 'हरे रामा हरे कृष्णा' 1971चा, 'यादों की बारात' 1973चा, 'शोले' 1975चा. या तिन्ही सिनेमांतली जी गिटार आपण कॉलेजच्या ट्रिपला हमखास काढतो, ती त्यांची. 2022च्या जुलैत ते गेले तेव्हा बहुतेक बातम्या 'ज्येष्ठ गायक' म्हणूनच आल्या. चूक नाही. पण अर्धीच.

आणि भूपिंदरना निदान गायक म्हणून तरी नाव मिळालं. 'शोले'मध्ये अमिताभ संध्याकाळी बसून जो माउथ ऑर्गन वाजवतो, तो वाजवणारे भानू गुप्ता हे आरडींचे एक मुख्य गिटारिस्ट. त्यांचं नाव तुम्ही याआधी कधी ऐकलं होतं? मीही नव्हतं ऐकलं.

हे कुणी मुद्दाम केलं असं नाही. तेव्हाचं रेकॉर्डिंग म्हणजे अख्खा ऑर्केस्ट्रा एकाच वेळी स्टुडिओत. एकाने चूक केली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. वादकांना पैसे रेकॉर्डिंगच्या हिशोबाने मिळायचे, सकाळी एका संगीतकाराकडे, दुपारी दुसऱ्याकडे. रेकॉर्डच्या कव्हरवर नाव गायकाचं, गीतकाराचं, संगीतकाराचं. सिनेमाच्या टायटल्समध्ये फार तर म्युझिक असिस्टंट. न्यूझीलंडमधल्या ग्रेगरी बूथ नावाच्या प्राध्यापकांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन 2008मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक काढलं. पडद्यामागे म्हणजे किती मागे, ते वाचून कळतं. मुंबईतल्या मुंबईत घडलेली गोष्ट सांगायला बाहेरून माणूस यावा लागला, याची थोडी लाजही वाटते.

या पडद्यामागच्या लोकांपैकी माझे सगळ्यात लाडके चरणजित सिंग. हेही मुंबईचे सेशन वादक, गिटार आणि बेस गिटार वाजवणारे. शंकर-जयकिशन, आरडी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, सगळ्यांकडे वाजवलेलं. शिवाय नवीन मशिन दिसलं की घ्यायची भारी हौस. 1980च्या सुमारास जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-303 नावाचं एक छोटंसं रुपेरी यंत्र काढलं. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या गिटारिस्टला बेसची साथ मिळावी म्हणून. म्हणजे बेस वाजवणाऱ्या माणसाची गरजच पडू नये म्हणून! ते फारसं बेसगिटारसारखं वाजायचं नाही, त्यामुळे खपलं नाही आणि थोड्याच वर्षांत कंपनीने बंदही केलं. चरणजितनी मात्र ते घेतलं, जोडीला रोलँडचंच ड्रम मशिन आणि सिंथेसायझर घेतला, आणि 1982मध्ये त्यावर काय वाजवावं? भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस. दहा राग, खाली डिस्कोचा ठेका. अल्बमचं नावही सरळ तेच, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'.

चालला? अजिबात नाही. आपटला. रागवाल्यांना डिस्को नको होता आणि डिस्कोवाल्यांना राग.

पाच वर्षांनी, 1987मध्ये, अमेरिकेत शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपने तेच टीबी-303 वापरून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढला आणि 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा अख्खा प्रकार जगभरच्या क्लबमध्ये पसरला. मग 2000नंतर एका डच रेकॉर्ड संग्राहकाच्या हाती चरणजितचा अल्बम लागला. ऐकून तो चाटच पडला, कारण आवाज तोच! 2010मध्ये अल्बम पुन्हा निघाला आणि सत्तरीतले चरणजित युरोपात तरुण पोरापोरींसमोर लाइव्ह वाजवायला लागले. 2015च्या जुलैत ते मुंबईत गेले.

इंटरनेटवर हल्ली छाती ठोकून सांगतात की अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला. ते काही मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी हा अल्बम ऐकला असण्याचं कारण नाही, दोन्ही गोष्टी आपापल्या घडल्या. पण 'शोध' वगैरे चिकटवल्याशिवाय आपण एखाद्याला चांगलं म्हणूच शकत नाही का? रात्री हेडफोन लावून त्यातला भैरव ऐका. प्रॅक्टिकलची जर्नल्स पूर्ण करायला यासारखं म्युझिक नाही, हे स्वानुभवाने सांगतेय.

इथपर्यंत मला वाटत होतं की कव्हरवर नाव छापलं असतं तर प्रश्नच मिटला असता. मग 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकला आणि घोळ झाला. 1967चा हा एचएमव्हीचा अल्बम. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांमधून. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर माणिकराव पोपटकर. आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. चौथं वाद्य वाचून मी थबकले. गिटार? मी तर ती सरोद समजत होते!

काब्रा जोधपूरचे, सरोदवादक अली अकबर खाँ यांचे शिष्य. आपल्या नेहमीच्या गिटारवर राग वाजवण्यात मुख्य अडचण असते मानेवरच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेट्सची. प्रत्येक पट्टीला एक ठरलेला सूर. पण रागात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असतं, त्या मींडेतच तर सगळी मजा. तार ओढून थोडं जमतं, फार नाही. काब्रांनी गिटार आडवी मांडीवर ठेवली, हवाईयन पद्धतीने. तारा पट्ट्यांपासून उचललेल्या, डाव्या हातात स्टीलची कांडी, ती तारांवरून सरकवत न्यायची. आता सूर कुठेही थांबू शकतो, कुठूनही कुठे जाऊ शकतो. हवाईयन गिटार तोवर इथे मुख्यतः सिनेमाची गाणी वाजवायचं वाद्य म्हणून माहीत होती. तिच्यावर आलाप ऐकवणं म्हणजे आज कुणीतरी युकुलेली घेऊन सवाई गंधर्वच्या स्टेजवर चढण्यासारखंच. लोकांनी काय नाकं मुरडली असतील!

त्या अल्बममधल्या तीन मुख्य वादकांपैकी दोघं पद्मविभूषण झाले. शिवकुमार आणि हरिप्रसाद यांनी 'शिव-हरी' म्हणून 'सिलसिला', 'चांदनी', 'डर' अशा सिनेमांना संगीत दिलं, घराघरात पोचले. 1994मध्ये विश्वमोहन भट्ट यांना ग्रॅमी मिळालं तेव्हा भारतीय स्लाइड गिटार जगाला कळली. कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य, ज्यांचं नाव आज जगभर घेतलं जातं, ते तर काब्रांचेच शिष्य. मग काब्रा? 2018मध्ये ते गेले, आणि संगीत शिकणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींना मी विचारलं तर दोघींना 'कॉल ऑफ द व्हॅली' पाठ, त्यातला गिटारवाला कोण ते माहीत नाही. नाव कव्हरवर होतं बरं का, ठळक. म्हणजे नुसतं छापून भागत नाही. कुणीतरी ते पुन्हा पुन्हा घ्यायलाही लागतं.

बँडचंही तेच. मुंबईच्या पोरांना इंग्लंड-अमेरिकेचे पन्नास बँड माहीत, पण धोबीतलावच्या रंगभवनात 80च्या दशकात कोण वाजवायचं ते विचारा! 1984मध्ये मुंबईत सुरू झालेला रॉक मशिन. बाकीचे बँड दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवत होते तेव्हा यांनी स्वतःची गाणी करायचा हट्ट धरला आणि 1988मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा अल्बम काढला. पुढे नाव बदलून इंडस क्रीड झाले, एमटीव्हीचं प्रेक्षकपसंतीचं आंतरराष्ट्रीय अवॉर्डही मिळालं. गायक उदय बेनेगल थोडे तरी आठवतात लोकांना. पण सुरुवातीपासूनचा लीड गिटारिस्ट कोण? महेश तिनईकर. आडनाव वाचून मी खुर्चीतून उठलेच. बँड मध्ये बंद पडला, 2010मध्ये परत उभा राहिला, 2012मध्ये 'इव्हॉल्व्ह' काढला. त्यातली गिटार ऐका आणि मग सांगा आपल्याकडे रॉक नाही म्हणून.

आता तो फेस्टवाला गिटारिस्ट. हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्याला फोन केला, म्हटलं, या वेळी तुझं नाव टाकते, चांगलं बोल्डमध्ये. तर तो घाबरलाच. 'ए, नको नको! घरी वाटतंय मी संध्याकाळी सीएच्या क्लासला असतो.'

'मग त्या दिवशी मेसेज का केलास?'

'अगं, नाव कुठे मागितलं मी? गिटार कुणीतरी वाजवली, एवढं तरी लिहायचं ना.' मग थोडं थांबून म्हणाला, 'रिझल्ट लागला की टाक. स्पेलिंग मी पाठवेन.'