लांबची वाट आधी पोचते

माझी आत्या साताऱ्याला वारली तेव्हा तिचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला होता. ‘तो कधी पोचेल?’ हे सगळ्यांनी मलाच विचारलं, कारण नकाशे चाळायचं वेड घरात मला. मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला. दिल्लीपर्यंत सुमारे 12,400 किलोमीटर अंतर भरलं. विमानाचा वेग ताशी 900 धरून चौदा तास काढले आणि ‘उद्या सकाळी’ असं सांगून टाकलं. त्यावरून अंत्यविधीची वेळही ठरली. भाऊ आला तो उद्याच्या रात्री. तोवर सगळे थांबले.

माझं कुठे चुकलं, ते मला नंतर उमगलं. विमान दोऱ्याच्या रेषेवरून जात नाही आणि वारा हिशेबात धरावाच लागतो.

याचं उत्तम उदाहरण आपल्या एअर इंडियाचंच आहे. 2015च्या डिसेंबरात तिची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू झाली. विमान पश्चिमेला, अटलांटिकवरून जाई. अंतर सुमारे 13,900 किलोमीटर, वेळ साडेसोळा तासांच्या आसपास. ऑक्टोबर 2016मध्ये वाट उलटी केली. विमान पूर्वेला, पॅसिफिकवरून गेलं. अंतर वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झालं, पण वेळ लागला साधारण साडेचौदा तास! चौदाशे किलोमीटर जास्त आणि दोन तास कमी.

आता तुम्ही म्हणाल, हे कसं? साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा, ध्रुवाकडची थंड हवा आणि पृथ्वीचं फिरणं यांतून ते तयार होतात. त्यांचा वेग कित्येकदा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. पाठीशी असा वारा असला की विमान त्याच इंजिनांवर जमिनीच्या हिशेबानं हजार किलोमीटरचा वेग सहज ओलांडतं. तोच वारा समोरून आला की वेग आठशेच्याही खाली येतो. नदीत प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध होडी वल्हवावी, तसंच हे.

वाट माणसांमुळेही बदलते. एप्रिल 2025मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना दक्षिणेनं वळसा घ्यावा लागला.

शिवाय घड्याळ फसवतं. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतं. म्हणून दिल्लीहून पहाटे निघालेला माणूस तिथे त्याच दिवशी सकाळी उतरतो.

त्यामुळे कुणाची वाट पाहायची असेल तर किलोमीटर मोजू नका. विमान सुटण्याची वेळ आपल्या घड्याळानुसार विचारा, वेळापत्रकातले तास मिळवा आणि विमान बदलणं, सामान घेणं, पुढचा रस्ता हे सगळं त्यात धरा. मी ते त्या दिवशी केलं असतं, तर दारात बसलेल्या माणसांना खरी वेळ सांगता आली असती.