मजकुराची रचना आणि मजकुराचे रूप

जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघू लागले. त्याचे संपादक माधवराव सप्रे हे मराठीभाषी असून त्यांचे शिक्षण रायपूर येथे झाले होते. हे मासिक प्रथम रायपूर येथे व पुढे नागपूर येथे छापले जाई. छापखाना बदलला म्हणजे खिळ्यांचा घाट बदलतो. परंतु मथळा हा मथळाच राहतो आणि परिच्छेद हा परिच्छेदच. मजकुराचे घटक कोणते आणि त्यांचा परस्परांशी संबंध काय, ही झाली त्याची रचना. ते घटक कोणत्या आकारात व कोणत्या रंगात दिसावेत, हे झाले त्याचे रूप. संगणकाच्या पडद्यावरील पानांस हाच भेद लागू पडतो.

ही पाने ‘एचटीएमएल’ नावाच्या चिन्हांकन भाषेत लिहिली जातात. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत ती तयार केली व १९९१ मध्ये तिची पहिली माहिती जाहीर झाली. या भाषेत शब्दांच्या आरंभी व अखेरीस खुणा करून ‘हा मथळा’, ‘हा परिच्छेद’, ‘ही यादी’ असे सांगितले जाते. वाचकाच्या यंत्रातील ब्राउझर त्या खुणा वाचून जुळाऱ्याप्रमाणे पान मांडतो.

पुढे पान आकर्षक दिसावे म्हणून अक्षरांचा रंग व आकार ठरविणाऱ्या खुणाही याच भाषेत शिरल्या. १९९७ च्या जानेवारीतील ३.२ या आवृत्तीत त्यांना मान्यताही मिळाली. परिणाम असा झाला की, शंभर पानांवरील मथळ्यांचा रंग बदलावयाचा तर शंभरही पाने दुरुस्त करावी लागत. यावर उपाय म्हणून हाकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये रूपाचे नियम स्वतंत्र ठेवण्याची योजना सुचविली. तीच ‘सीएसएस’ होय. डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण ठरली. तीत ‘सर्व मथळे निळे असावेत’ असा नियम एकदाच लिहिला की तो सर्व पानांस लागू होतो. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने रंग-आकाराच्या जुन्या खुणा टाळाव्यात असे सांगितले.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. समजा, रायपूरच्या एखाद्या ग्रंथालयाने सप्रे यांचे लेख संगणकावर ठेवले आणि एक अंध विद्यार्थी ते स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ऐकू लागला. हे साधन खुणा वाचून एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर जाऊ शकते. परंतु मथळा म्हणून खूण न करता अक्षरे नुसती मोठी व ठळक केली असतील, तर डोळस वाचकास मथळा दिसतो. अंध विद्यार्थ्यास मात्र हवा तो लेख सापडण्यासाठी सर्व मजकूर आरंभापासून ऐकत बसावे लागते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने माहिती सर्वांस सुगम असण्यावर भर दिला आहे, त्याचे मर्म येथे ध्यानात येते.

याच्या उलट चूकही घडते. केवळ मोठी अक्षरे मिळावीत म्हणून साध्या वाक्यास मथळ्याची खूण केली, तर रचना खोटी ठरते. म्हणून पानाची परीक्षा सोपी आहे: रूपाचे सर्व नियम काढून टाकावेत. उरलेले पान साधे दिसेल. परंतु त्यातील मथळे, परिच्छेद व याद्या आपापल्या क्रमाने नीट ओळखता आल्या, तर त्याची रचना योग्य झाली असे समजावे.