होल्डनची दोन चुकलेली उत्तरं



कथा शिकवताना आपण मुलांना एक प्रश्न हमखास विचारतो : ही गोष्ट कोण सांगतंय? मुलं उत्तर देतात, 'प्रथमपुरुषी निवेदक.' एक गुण मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण खरी मजा त्याच्या पुढच्या प्रश्नात आहे. जो सांगतोय त्याच्यावर विश्वास ठेवायचा का? आणि ठेवायचा नसेल, तर ती गोष्ट वाचायची कशी?

समीक्षेत अशा सांगणाऱ्याला 'अविश्वासार्ह निवेदक' म्हणतात. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने 1961 साली ही कल्पना नाव देऊन मांडली. असा निवेदक लबाडच असतो असं नाही. तो लहान असेल, आजारी असेल, स्वतःचीच फसवणूक करत असेल, किंवा एखादी गोष्ट इतकी दुखत असेल की ती सरळ सांगताच येत नसेल. हे नीट समजून घ्यायचं तर जे. डी. सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी फार उपयोगी आहे. ती जुलै 1951 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिच्यात शाळा आहे, शिक्षक आहेत, उत्तरपत्रिका आहे, निबंध आहे. म्हणून ती आपण शिक्षकांनी तर वाचायलाच हवी.

गोष्ट थोडक्यात

होल्डन कॉलफील्ड सतरा वर्षांचा आहे. कॅलिफोर्नियातल्या एका उपचाराच्या ठिकाणी बसून तो मागच्या वर्षीच्या नाताळाआधीचे तीन दिवस सांगतोय. तेव्हा तो सोळाचा होता. पेन्सी नावाच्या श्रीमंत निवासी शाळेतून त्याला काढून टाकलं आहे. पाचपैकी चार विषयांत नापास, फक्त इंग्रजीत पास. त्याची ही पहिली शाळा नाही, याआधीही शाळा सुटल्या आहेत. सुट्टी लागायला काही दिवस आहेत, तेवढ्यात शनिवारी रात्री तो शाळा सोडून न्यूयॉर्कला निघतो. घर तिथेच आहे, पण आईवडिलांना तोंड कसं दाखवायचं? म्हणून हॉटेलात राहतो, बारमध्ये बसतो, टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालतो, ओळखीच्या-अनोळखी माणसांना गाठत फिरतो. सोमवारी दुपारी तो दहा वर्षांच्या धाकट्या बहिणीला, फीबीला, बागेतल्या फिरत्या घोड्यांवर बसलेली बघतो. धो धो पाऊस पडत असतो. संपली गोष्ट.

एवढंच? हो, घटना एवढ्याच. बाकी सगळं आहे ते होल्डनचं बोलणं.

थापा उघड आहेत

हे बोलणं भयंकर हसवतं. जगातले बहुतेक सगळे लोक त्याला ढोंगी वाटतात. आणि हा स्वतः? इतिहासाच्या सरांच्या घरून निघायचं असतं तर व्यायामशाळेतून सामान आणायचंय अशी थाप मारतो. लगेच आपल्याला सांगूनही टाकतो की आपण अट्टल थापाडे आहोत. आगगाडीत वर्गमित्राची आई भेटते. तिला तो स्वतःचं नाव म्हणून वसतिगृहाच्या सफाईकामगाराचं नाव सांगतो. तिचा मुलगा त्याच्या मते शाळेतला सगळ्यात नीच पोरगा, पण हा तिला पटवतो की तो किती लाजाळू आणि निगर्वी आहे. बाई खूश! लवकर घरी का चाललास, असं तिने विचारल्यावर म्हणतो, माझ्या मेंदूत गाठ आहे, छोटीशीच, ऑपरेशन करायचंय.

इथे वाचक हसतो आणि सावधही होतो. हा मुलगा हिला फसवतोय, तर मलाही फसवत असेलच. शिवाय बोलताना अतिशयोक्ती किती! प्रत्येक गोष्ट 'लाख वेळा' झालेली, प्रत्येक माणूस 'जीव खाणारा'. वाक्याच्या शेवटी 'अँड ऑल' ही शेपटी, म्हणजे आपलं 'वगैरे'. नक्की काय झालं ते सांगायचं टाळायला ही शेपटी फार सोयीची असते, हे आपल्याला वर्गातल्या अनुभवाने माहीत आहे.

मग याचं खरं मानायचं ते काय? माझ्या मते या कादंबरीत त्याची किल्ली दोन ठिकाणी ठेवली आहे. होल्डनने स्वतः लिहिलेली दोन लेखनं तिच्यात येतात. दोन्ही 'चुकीची' ठरतात. आणि दोन्हींत तो खरं बोलतो.

पहिलं उत्तर : इतिहासाचा पेपर

स्पेन्सर सर म्हातारे आहेत, तापाने घरी पडून आहेत. होल्डन निरोप घ्यायला जातो. सर वाईट माणूस नाहीत, त्यांना मुलाची काळजी आहे. पण ते करतात काय? त्याची उत्तरपत्रिका मागवून त्याच्याच तोंडावर मोठ्याने वाचून दाखवतात. विषय होता इजिप्शियन लोक. होल्डनने जेमतेम एक परिच्छेद लिहिलाय. त्यात एकच मुद्दा : मेलेल्या माणसांना गुंडाळताना ते लोक असं काय वापरत, की चेहरे शतकानुशतकं कुजत नसत? आजच्या विज्ञानालाही ते जाणून घ्यायचं आहे, म्हणे. खाली सरांना चिठ्ठी : मला नापास केलंत तरी चालेल, इंग्रजी सोडून बाकी सगळ्यांत मी नापास होतोच आहे.

आपण काय गुण दिले असते? शून्य किंवा फार तर एक. स्पेन्सर सरांनीही नापासच केलं, आणि परीक्षक म्हणून ते बरोबरच होतं. पण वाचकाला थोड्या पानांनंतर कळतं की होल्डनचा धाकटा भाऊ ॲली अकरा वर्षांचा असताना रक्ताच्या कर्करोगाने गेला आहे. तेव्हा होल्डन तेरा वर्षांचा होता. आता तो परिच्छेद पुन्हा वाचा. अख्ख्या इजिप्तच्या इतिहासातून या मुलाच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली : मेलेल्या माणसाचा चेहरा टिकवता येतो का?

सर बोलत असताना त्याच्या डोक्यात आणखी एक प्रश्न घोळत असतो. सेंट्रल पार्कमधलं तळं थंडीत गोठलं की तिथली बदकं कुठे जातात? पुढे तो हाच प्रश्न दोन टॅक्सीवाल्यांना विचारतो. त्यांना वाटतं पोरगा चेष्टा करतोय. आपणही हसतो. पण हा प्रश्नसुद्धा त्याच जातीचा आहे : जे इथे होते ते आता दिसत नाहीत, त्यांची कुणी काळजी घेतं का?

दुसरं उत्तर : वर्णनात्मक निबंध

खोलीतला जोडीदार स्ट्रॅडलेटर होल्डनला आपला गृहपाठ लिहायला सांगतो. वर्णन हवं, खोलीचं किंवा घराचं. होल्डनला खोली-घर सुचत नाही. तो ॲलीच्या बेसबॉलच्या हातमोज्याचं वर्णन लिहितो. ॲली डावखुरा होता. त्याने हातमोज्यावर, बोटांवर आणि तळव्यावर, हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. का? तर मैदानात उभं असताना समोर कुणी फलंदाज नसेल, तेव्हा वाचायला काहीतरी असावं.

इथे लक्षात घ्या, अतिशयोक्ती थांबली. 'लाख वेळा' नाही, 'वगैरे'ने झाकाझाक नाही. शाईचा रंग, हात कुठला, कविता नक्की कुठे लिहिल्या, का लिहिल्या, सगळं बारकाईने. हीच या निवेदकाला वाचायची रीत आहे. तो ज्या माणसांबद्दल मोठमोठ्याने बोलतो तिथे त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. जिथे तो अचानक बारीक तपशील द्यायला लागतो, तिथे कान द्या. जेन नावाच्या मैत्रिणीला तो तीन दिवस फोन करू करू म्हणतो आणि दरवेळी काहीतरी कारण काढून टाळतो. पण सोंगट्या खेळताना ती आपले राजे मागच्या ओळीतून हलवायचीच नाही, हे मात्र त्याला पक्कं आठवतं.

स्ट्रॅडलेटर निबंध वाचून चिडतो. खोली किंवा घर सांगितलं होतं, तू हातमोजा लिहिलास! विषय सोडून लिहिलं. होल्डन कागद फाडून टाकतो. त्याच निमित्ताने तो आपल्याला सांगतो की ॲली गेला त्या रात्री आपण गॅरेजच्या सगळ्या काचा मुठीने फोडल्या. हात मोडला, अजूनही नीट मूठ वळत नाही. हाताच्या दुखापतीमुळे दवाखान्यात असल्याने भावाच्या अंत्यविधीलाही त्याला जाता आलं नव्हतं. ही गोष्ट तो पुष्कळ पुढे, जाता जाता सांगतो.

विनोद काळा का होतो?

कादंबरीत मरण सारखं विनोदाचं कपडं घालून येतं. पेन्सीतली होल्डनची इमारत एका माजी विद्यार्थ्याच्या नावाची. हे गृहस्थ स्वस्तातल्या अंत्यविधींचा धंदा करून गब्बर झालेले. ते शाळेत येऊन मुलांना प्रार्थनेचं महत्त्व सांगतात! ॲलीच्या कबरीबद्दल होल्डन सांगतो ते असं : पाऊस आला की भेटायला आलेले लोक पळत जाऊन गाडीत बसतात, रेडिओ लावतात, छान कुठेतरी जेवायला जातात. सगळे जातात, ॲली सोडून. वाक्याची चाल विनोदाचीच आहे, पण हसू घशात अडकतं.

याला काळा विनोद म्हणतात. तो दुःखाची टिंगल करत नाही. ज्याला रडता येत नाही त्याला बोलण्यासाठी तो उरलेला एक रस्ता असतो.

आणि शिक्षक?

स्पेन्सर सर आयुष्य हा एक खेळ आहे, नियमाने खेळावा, असं सांगतात. दुसरे अँटोलिनी सर. ते जास्त समजूतदार आहेत. आधीच्या एका शाळेत एका मुलाने छळाला कंटाळून खिडकीतून उडी टाकली, तेव्हा त्याला उचलायला तेच पुढे झाले होते. होल्डन रात्री त्यांच्याकडे जातो. ते चांगलं, पण फार लांब बोलतात. मुलगा तीन दिवसांचा थकलेला, झोपेने पेंगतोय. पुढे तो सोफ्यावर झोपल्यावर सर अंधारात त्याच्या डोक्यावरून हात फिरवताना त्याला जाग येते. तो घाबरून पळतो. सरांच्या मनात काय होतं? होल्डन आधी एक ठरवतो, दुसऱ्या दिवशी स्वतःच साशंक होतो. लेखक निकाल देत नाही. निवेदकाची खात्री नाही म्हणून वाचकाचीही नाही. वर्गात या प्रसंगावर घाईने निकाल देऊ नये. मुलाला जे अस्वस्थ वाटलं ते मात्र खरंच मानावं.

या सगळ्यांत होल्डनला बरोबर ऐकते ती फीबी. तो म्हणतो, मोठ्या शेतात खेळणारी मुलं कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना झेलणारा मी व्हावं. हे स्वप्न रॉबर्ट बर्न्सच्या एका ओळीवर उभं आहे. फीबी लगेच सांगते, तू ओळ चुकीची ऐकलीस, तिथे 'भेटणं' आहे, 'झेलणं' नाही. म्हणजे कादंबरीचं नावच एका चुकीवर बेतलेलं! पण ही चूक त्याने का केली, ते आता आपल्याला ठाऊक आहे. एकाला झेलता आलं नव्हतं.

आपला पांडुरंग

मराठी वाचकाला इथे भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ची (1963) आठवण होणारच. या दोन कादंबऱ्यांची तुलना बरेचदा झाली आहे. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, सगळ्यांत असून बाहेरचाच राहतो, नापास होऊन गावी परततो. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे त्याचे लाडके शब्द, आणि त्यांच्या आडून तो सगळ्यांची टर उडवतो. पण त्याची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते, तिथली भाषा वेगळीच होते. होल्डन शहरातला श्रीमंत मुलगा, पांडुरंग खेड्यातल्या शेतकऱ्याचा. दोघांचं जग वेगळं, पण वाचायची रीत तीच : 'वगैरे' कुठे संपतं ते बघा.

वर्गात आणि घरी

कादंबरीत शिवराळ भाषा, दारू, वेश्येला खोलीवर बोलावल्याचा प्रसंग आणि आत्महत्येचा उल्लेख आहे. त्यामुळे अकरावी-बारावीच्या खाली देऊ नये, आणि देण्याआधी आपण स्वतः वाचावी. पुढील कृती करून बघता येतील :

1. स्पेन्सर सरांच्या घरची भेट सरांच्या नजरेतून लिहा. त्या रात्री त्यांनी बायकोला काय सांगितलं असेल?
2. एका प्रकरणातली अतिशयोक्तीची वाक्यं आणि बारीक तपशिलाची वाक्यं वेगळ्या रंगांत अधोरेखित करा. तपशील कुणाबद्दल आहे ते पाहा.
3. होल्डनचा इतिहासाचा पेपर तपासा. गुण द्या, आणि गुणांखाली एक ओळ शेरा लिहा.

तिसरी कृती आपण शिक्षकांनीही करावी. गुण बदलायचे नाहीत. चुकलेलं उत्तर चुकलेलंच. पण शेऱ्याची जागा आपली आहे. 'विषयाला सोडून लिहिले' असं लाल शाईने लिहिण्याआधी क्षणभर थांबून बघावं, की मुलगा विषय सोडून नेमका कुठे गेला. घरीही तेच. मरणावर सारखे विनोद करणाऱ्या मुलाला 'काय हे अभद्र!' म्हणून गप्प करण्याऐवजी शांतपणे विचारावं, जवळ बसावं, आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे न्यायला अनमान करू नये.

होल्डनला तीन दिवसांत कितीतरी माणसं भेटली. बहुतेकांनी त्याला सल्ला दिला, पैसे मागितले किंवा झटकून टाकलं. त्याचा पेपर मात्र सगळ्यात आधी एका शिक्षकाच्या हातात पडला होता.