दाब सोडला की काय परत येतं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मेस्त्री 'कॉम्प्रेशन गेलंय' म्हणाला की गिऱ्हाईक समजतं, आता इंजिन खोलायचं. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. पिस्टन हवेला मूळ जागेच्या साधारण सोळाव्या-अठराव्या हिश्श्यात कोंडतो. त्या दाबानेच ती पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये हे चालवून दाखवलं. रिंगा झिजल्या की हवा निसटते, पुरेशी तापत नाही. मग नुसता पांढरा धूर. विहिरीवरचं जुनं इंजिन सुरू करताना आधी लिव्हर उचलतात. त्यामुळे व्हॉल्व्ह उघडा राहतो, चाक हलकं फिरतं. वेग आला की लिव्हर सोडायचा. लिव्हर विसरून ज्याने हँडल मारलंय, त्याच्या मनगटाला वायूचे नियम पाठ असतात! दाबलेली हवा संधी मिळताच उलट ढकलते.

वाळू तसं करत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत बेंटोनाइट आणि थोडं पाणी घातलेली वाळू साच्यात ठोकतात. इथे कण दबत नाहीत, कणांमधली जागा कमी होते. वाळू सैल राहिली तर बिडाच्या रसाने भिंत सरकते आणि कास्टिंग फुगतं. फार आवळली तर वाफेला वाट उरत नाही, आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. म्हणून जुना मोल्डर मूठभर वाळू दाबून, मोडून बघतो. यंत्रं आली तरी ही सवय सुटत नाही, आणि सुटू नये.

गुऱ्हाळाच्या चरकात तर परतीची वाटच नाही: रस काहिलीत, चिपाड चुलवाणात.

संगणकाच्या फाइली दाबताना दोन्ही प्रकार दिसतात: परत येणारा आणि न येणारा. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. त्यातला पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोहोंपैकी एक. एवढी पुनरावृत्ती असल्याने मराठी मजकूर झिपमध्ये चांगलाच आक्रसतो, आणि उघडल्यावर काना-मात्रेसकट परत येतो. जेपेग फोटोचं तसं नाही. तिथे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करून डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फरक टाकून देतात. रंकाळ्यावरच्या संध्याकाळीचं त्याने काही बिघडत नाही. सात-बाराच्या फोटोत मात्र गट क्रमांकातला ३ आहे की ६, हे कळेनासं होऊ शकतं. तो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावा.