एक्स्प्लेनर : 'आपोआप' होणारी अभिक्रिया हाताबाहेर कशी जाते?

11 जानेवारी 2020. बोईसर-तारापूर एमआयडीसीतील रसायन कारखान्यात स्फोट होऊन 8 जणांचा मृत्यू झाला. स्फोटांची कारणे वेगवेगळी असतात; पण रिॲक्टरमधला एक धोका समजून घ्यायलाच हवा.

अभिक्रियेत उष्णता बाहेर पडली आणि एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जेचे व कणांचे विखुरणे, वाढली की मुक्त ऊर्जा घटते. अशी अभिक्रिया आपोआप होऊ शकते. किती वेगाने, हे मात्र मुक्त ऊर्जा सांगत नाही. लोखंड गंजते तेही आपोआपच, पण सावकाश.

तापमान 10 अंशांनी वाढले की अनेक अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. रिॲक्टरच्या जॅकेटमधले थंड पाणी थांबले, तर उष्णतेने वेग वाढतो आणि वेगाने उष्णता. हे चक्र एकदा सुरू झाले की आवरायला मिनिटेच उरतात.