दोघांकडे नाही, सांध्यात मात्र आहे!
'नीट' हुकली की लातूर-नांदेडात बीएस्सीला 'टाइमपास' म्हणतात. जरा थांबा! लँथॅनम अ‍ॅल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट या दोन ऑक्साइडांतून एरवी वीज जात नाही, ती चुंबकही नाहीत. पण एकावर दुसऱ्याचे अणूंइतके पातळ थर चढवले, की सांध्यातून वीज वाहते! हे कळलं २००४ मध्ये. २००७ मध्ये अतिथंड सांध्यात चुंबकत्वाच्या खुणाही दिसल्या. त्या कशामुळे? निसटलेल्या ऑक्सिजनमुळे, की सांध्यात जमलेल्या इलेक्ट्रॉनमुळे? वाद मिटलेला नाही. प्रश्न फिजिक्सचा की केमिस्ट्रीचा? दोन्हींचा! नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात दोन्ही विषयांची संकुलं आहेत. मग बीएस्सी टाइमपास कशी?